मुदतीच्या परवान्यांवर उभी घरची लॅब : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, सातारा

भाची बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला गेली. तिला सर्व्हर सांभाळण्याच्या कामात पडायचं आहे. अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंग भरपूर आहे, पण डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) म्हणजे काय हे हाताने करून बघायला कुठे मिळत नाही. म्हणून माझ्याकडच्या खोलीत लॅब उभारायची ठरली. जुना डेस्कटॉप लॅमिंग्टन रोडवरून आणला: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ३२ जीबी रॅम, १ टीबीची एसएसडी. पावसाळ्यात लाइट जाते, त्यामुळे यूपीएस आधी आणि बाकीचं नंतर.

एक अट पहिल्याच दिवशी ठरवली. या लॅबमध्ये एकही चोरीची प्रत येणार नाही. जे आहे ते एकतर मुक्त, नाहीतर कंपनीनेच शिकण्यासाठी किंवा पारखण्यासाठी दिलेलं. पुढे ही मुलगी कुणाचे तरी परवाने सांभाळणार आहे, तेव्हा सवय इथूनच लागलेली बरी.

हायपरवायझर (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) म्हणून प्रॉक्समॉक्स घेतलं. व्हिएन्नाच्या कंपनीचं, एजीपीएल या मुक्त परवान्याचं. सदस्यत्व घेतलं नाही तर लॉगिन करताना तशी सूचना येते आणि एंटरप्राइज रेपॉझिटरी (सॉफ्टवेअरचा साठा) अपडेट देत नाही. ती बंद करून नो-सबस्क्रिप्शन रेपॉझिटरी जोडली की काम सुरू. सूचनेची खिडकी काढून टाकायचे उपाय सापडतात. आम्ही ती राहू दिली. फुकट मिळणाऱ्या कामामागे कुणाचे तरी पगार आहेत, एवढी आठवण ती खिडकी देते.

‘मामा, कंपन्यांत तर व्हीएमवेअर असतं ना?’ असं तिने विचारलं. असतं. पण ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ला व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर फेब्रुवारी २०२४मध्ये मोफत ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं हायपरवायझर) बंद झालं, आणि एप्रिल २०२५मध्ये ८.० अपडेट ३ई सोबत ते परत आलं. सगळ्या सोयींची ट्रायल घ्यावी तर मुदत ६० दिवस. शिवाय साध्या डेस्कटॉपवर येणारी रिअलटेकची नेटवर्क कार्डं ईएसएक्सआय ओळखत नाही. पाया असा मालकाच्या मर्जीवर हलणारा नको. पाया मुक्त ठेवायचा आणि मुदतीच्या गोष्टी त्याच्यावर रचायच्या.

१४ जून २०२५

पहिला सर्व्हर. मायक्रोसॉफ्टच्या इव्हॅल्युएशन सेंटरवर फॉर्म भरून विंडोज सर्व्हर २०२२ची आयएसओ (बसवण्यासाठीची फाइल) घेतली, साधारण पाच जीबी. मुदत १८० दिवस. एकाच आयएसओमध्ये स्टँडर्ड आणि डेटासेंटर, दोन्ही कोअर (खिडक्यांविना) आणि डेस्कटॉप अशा दोन रूपांत. दोन यंत्रं उभी केली. डीसी०१ हा डोमेन कंट्रोलर. दुसऱ्याला ‘नमुना’ नाव दिलं: त्याच्यावर काहीच चालवायचं नाही, त्याची मुदतही वाढवायची नाही. ११ डिसेंबरला ती संपेल तेव्हा नेमकं काय होतं ते बघायचं. परवाना संपल्यावर सर्व्हर कसा वागतो हे पहिल्यांदा नोकरीत, मध्यरात्री कळण्यापेक्षा इथे कळू दे.

डोमेनला नाव दिलं लॅब.होम.आर्पा. होम.आर्पा हे घरातल्या नेटवर्कसाठी आरएफसी ८३७५ने राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे बाहेरच्या कुणाच्या नावाशी टक्कर नाही. बऱ्याच जुन्या पाठांत शेवटी ‘.लोकल’ लावायला सांगतात. ते एमडीएनएससाठी (घरच्या नेटवर्कवर यंत्रांनी एकमेकांची नावं शोधायची पद्धत) राखलेलं आहे आणि लिनक्स किंवा मॅक यंत्रं आणली की नावं शोधताना त्रास होतो.

संध्याकाळी भाचीने एसएलएमजीआर /एक्सपीआर हा परवान्याची मुदत दाखवणारा हुकूम चालवून बघितला आणि म्हणाली, हा ॲक्टिव्हेट झालेलाच नाही. बरोबर होतं. लॅबचं नेटवर्क ओपीएनसेन्स या फायरवॉलच्या मागे वेगळं ठेवलं आहे आणि तिथून बाहेर जायची वाट अजून उघडली नव्हती. ट्रायल सर्व्हरला पहिल्या १० दिवसांत एकदा इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट व्हावं लागतं, नाहीतर तो आपणहून बंद होऊ लागतो. वाट उघडली, /एटीओ हा ॲक्टिव्हेट करायचा हुकूम दिला, झालं. ‘१८० दिवस’ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, त्याच्या आतली ही १० दिवसांची अट फार कमी जणांच्या लक्षात राहते.

२१ जून २०२५

विंडोज ११ एंटरप्राइज इव्हॅल्युएशन. ही मुदत ९० दिवस, म्हणजे १९ सप्टेंबर. ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, प्रॉक्समॉक्स आभासी टीपीएम देतं, त्यामुळे अडलं नाही. डोमेनला जोडलं, भाचीने स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं. ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधल्या यंत्रांना एकाच जागेवरून लावायचे नियम) वॉलपेपर बदलला तेव्हाचा तिचा आनंद बघून ही सगळी खटपट सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

आजपासून परवान्यांची शीट सुरू केली. रकाने: यंत्राचं नाव, सॉफ्टवेअर आणि आवृत्ती, परवान्याचा प्रकार, बसवल्याची तारीख, मुदत संपायची तारीख, संपल्यावर काय होतं, पुढे काय करायचं. शेवटचे दोन रकाने मी हट्टाने घातले. नुसती तारीख माहीत असून उपयोग नाही, कारण प्रत्येक वस्तू वेगळी वागते. विंडोज ११ ट्रायल संपली की पडदा काळा होतो आणि यंत्र दर तासाला बंद पडतं; किल्ली घालून ती पक्की करता येत नाही, नव्यानेच बसवावी लागते. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसला (दुरून सर्व्हरचा डेस्कटॉप वापरायची सोय) १२० दिवसांची सवलत, नंतर सीएएल (जोडणाऱ्याचा परवाना) नसेल तर नवी जोडणी नाकारली जाते. स्प्लंक या लॉग गोळा करून तपासायच्या साधनाची ट्रायल ६० दिवसांची, मग ते बंद पडत नाही, मोफत परवान्यावर उतरतं. शब्द सगळीकडे ‘ट्रायल’च, वागणं तीन तऱ्हांचं.

५ जुलै २०२५

भाचीच्या वर्गातल्या एकाने तिला पेन ड्राइव्ह दिला. त्यात ‘ॲक्टिव्हेटर’. ‘सगळे हेच वापरतात मामा, एका क्लिकमध्ये होतं,’ असं ती म्हणाली. तिला रागवावं असं यात काही नव्हतं; ती लपवून न वापरता विचारायला आली. पेन ड्राइव्ह यंत्राला लावला नाही. आजचा वेळ ती वस्तू आतून कशी चालते हे समजून घेण्यात घालवला.

मोठ्या कंपन्या प्रत्येक यंत्रात वेगळी किल्ली घालत बसत नाहीत. त्यांच्या नेटवर्कमध्ये एक केएमएस सर्व्हर असतो, तो १६८८ पोर्टवर ऐकत असतो. विंडोजची यंत्रं त्याच्याकडून ॲक्टिव्हेशन घेतात. ते १८० दिवस टिकतं आणि यंत्र दर ७ दिवसांनी ते ताजं करायला बघतं. किमान २५ क्लायंट किंवा ५ सर्व्हर विचारायला येईपर्यंत केएमएस कुणालाच होकार देत नाही. यासाठी लागणाऱ्या क्लायंटच्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टने स्वतःच उघड्यावर ठेवलेल्या आहेत, कारण मागे खरा केएमएस असल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. ॲक्टिव्हेटर काय करतो? तुमच्याच यंत्रावर खोटा केएमएस उभा करतो.

मग तिनेच विचारलं, की त्याआधी अँटिव्हायरस बंद करायला का सांगतात? हाच खरा प्रश्न. कुणीतरी, कुठूनतरी दिलेल्या फाइलला प्रशासकाचे सगळे अधिकार द्यायचे आणि पहारेकरी झोपवायचा. आत आणखी काय बसलं हे तपासायची सोय उरत नाही. सुरक्षेचं काम करू बघणाऱ्याच्या यंत्रात ही वस्तू असूच नये.

कायदाही सांगितला. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३बी: संगणकप्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकतं. पण मला तिच्या मनात भीती बसवायची नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की शिकण्यासाठी आता चोरीची गरज राहिलेली नाही. आमच्या पिढीला टेकनेट सदस्यत्व होतं. थोड्या पैशांत वर्षभर जवळजवळ सगळं मिळायचं. १ जुलै २०१३ला मायक्रोसॉफ्टने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं, ३१ ऑगस्टनंतर विक्री थांबली. तेव्हा वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. तरीसुद्धा आज जे फुकट आणि रीतसर मिळतं, त्यावर एक विद्यार्थी दोन वर्षं शिकू शकेल.

१९ जुलै २०२५

एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस. इथे ट्रायल घेण्याचं कारणच नाही. डेव्हलपर आवृत्ती २०१६पासून मोफत आहे, एंटरप्राइजच्या सगळ्या सोयी तिच्यात आहेत आणि तिला मुदत नाही. अट एकच: शिका, बनवा, तपासा, पण खऱ्या कामकाजाला लावू नका. तरीही बरेच जण १८० दिवसांची इव्हॅल्युएशन बसवतात आणि सहा महिन्यांनी हळहळतात.

ही अट दुपारीच कामी आली. दाजी आले होते. त्यांच्या दुकानाचा स्टॉक एका छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. त्यांनी सहज विचारलं, ‘तुमचं हे यंत्र दिवसभर चालूच असतं, तर आमचा डेटाबेस इथेच ठेवला तर?’ दाजींना नाही म्हणणं अवघड. पण लॅब उद्या मोडून पुन्हा बांधली जाणार, तिथे त्यांचा रोजचा हिशेब ठेवणं धोक्याचं. आणि डेव्हलपर आवृत्तीच्या अटीत ते बसतही नाही. भाचीने त्यांना समजावलं. एक्सप्रेस आवृत्ती धंद्यालाही मोफत चालते, २०२२च्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, आणि त्यांचा अख्खा डेटाबेस त्याच्या आसपासही नाही. संध्याकाळी तिनेच दुकानाच्या यंत्रावर ती बसवून दिली आणि रोजचा बॅकअप लावला. वडिलांना आपण काय शिकतो ते पहिल्यांदा नीट दाखवता आलं, असं नंतर म्हणाली.

२३ ऑगस्ट २०२५

रेड हॅटचं लिनक्स. व्यक्तीसाठीचं डेव्हलपर सदस्यत्व, १६ यंत्रांपर्यंत, पैसे नाहीत. फेब्रुवारी २०२१पासून अटी सैल झाल्या, त्यामुळे छोट्या प्रमाणात खऱ्या कामालाही चालतं. दर वर्षी नूतनीकरण करायचं, ती तारीख शीटमध्ये टाकली. या यंत्रावर अँसिबल (यंत्रं आपोआप मांडून देणारं साधन) बसवलं. विंडोजच्या यंत्रांना इथूनच हुकूम जातील. गणपती तोंडावर, बाकी काही केलं नाही.

१३ सप्टेंबर २०२५

विंडोज ११ची मुदत सहा दिवसांवर. आज तिला मोडून पुन्हा बांधायचं होतं, तेही हाताने एकही खिडकी न उघडता.

आधी एक शंका निकालात काढली. भाचीला कुणीतरी सांगितलं होतं, की यंत्राची तारीख मागे नेली की ट्रायल वाढते. डोमेनमध्ये हे करून बघ म्हटलं. तिने क्लायंटचं घड्याळ दोन दिवस मागे नेलं आणि फाइल सर्व्हरचं फोल्डर उघडेना. केर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवून तिकीट देणारा नियम) डोमेन कंट्रोलरच्या आणि क्लायंटच्या वेळेत फक्त ५ मिनिटांचा फरक चालवून घेतो. वेळ पुढेमागे झाली की तिकीट नाही, तिकीट नाही तर दार नाही. परवान्याच्या पळवाटेवरून निघून आम्ही केर्बेरॉसच्या अभ्यासाला जाऊन पोचलो, आणि पुढचा दीड तास त्यातच गेला.

दुसरी शंका स्नॅपशॉटची, म्हणजे यंत्राच्या जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीची. पहिल्या दिवशीचा स्नॅपशॉट परत आणला तर? मुदत कॅलेंडरवर मोजली जाते, ती परत येत नाही. उलट डोमेनमधलं यंत्र स्वतःचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलत असतं. जुना स्नॅपशॉट आणला की यंत्राकडे जुना पासवर्ड, कंट्रोलरकडे नवा, आणि ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा निरोप.

मग उत्तर-फाइल, म्हणजे विंडोज बसवताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं. भाषा, डिस्कचे भाग, प्रशासकाचं खातं, वेळेचा पट्टा, सगळं एका एक्सएमएल फाइलमध्ये. यंत्र सुरू झाल्यावर विनआरएम (विंडोजला दुरून हुकूम द्यायची वाट) उघडायचं, मग अँसिबल आत येऊन नाव देतो, डोमेनला जोडतो, साधनं बसवतो. फाइल लिहायला अख्खा दिवस गेला. रात्री ती चालली आणि चहा होईपर्यंत नवं यंत्र डोमेनमध्ये हजर.

मला या प्रकल्पात जे तिच्या हाती द्यायचं आहे ते हेच. मुदत नसती तर हे यंत्र आम्ही तसंच वर्षभर चालवलं असतं, त्यात काय काय हाताने बदललं ते विसरलो असतो, आणि ही फाइल कधीच लिहिली नसती. मुदत संपणं ही अडचण वाटते. खरी अडचण आहे आपलं यंत्र पुन्हा बांधता न येणं. ट्रायलने ती ९० दिवसांतच दाखवून दिली.

११ ऑक्टोबर २०२५

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ तारखेला संपतो. भाचीच्या दोन मैत्रिणींकडे तीच यंत्रं, विंडोज ११ला न चालणारी. त्यातल्या एकीने त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं ठरवलं. आमची शीट आणि उत्तर-फाइल पासवर्ड काढून तिला दिली.

८ नोव्हेंबर २०२५

डीसी०१ची मुदत पुढच्या महिन्यात. तीन वाटा होत्या.

रीआर्म, म्हणजे ट्रायलची मुदत पुन्हा सुरू करणं: एसएलएमजीआर /रीआर्म हा हुकूम मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे, तो मोजक्या वेळा चालतो आणि /डीएलव्ही दिलं की किती उरले ते दिसतं. त्यात गैर काही नाही. पण त्यातून शिकायला काही मिळत नाही.

किल्ली घेऊन पक्का करणं: साधा ट्रायल सर्व्हर डीआयएसएम हे विंडोजचं साधन वापरून पूर्ण आवृत्तीत बदलता येतो. डोमेन कंट्रोलर मात्र येत नाही. मायक्रोसॉफ्टचं सांगणं असं, की दुसरा कंट्रोलर उभा करा, भूमिका त्याच्याकडे न्या आणि ट्रायलवाला काढा.

तिसरी वाट म्हणजे तेच, फक्त नवा कंट्रोलरही ताज्या ट्रायलवर. जुना सर्व्हर निवृत्त करून डोमेन जिवंत ठेवणं हे प्रत्येक कंपनीत दर काही वर्षांनी करावंच लागतं, आणि बहुतेक शिकाऊ मुलांनी ते कधी केलेलं नसतं. हीच वाट घेतली. मी खुर्ची भाचीला दिली आणि बाजूला बसलो.

डीसी०२ उत्तर-फाइलवरून उभा राहिला. स्थिर आयपी, डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता शोधणं) डीसी०१कडे, डोमेनला जोडला, भूमिका बसवली, कंट्रोलर केला. तिला लगेच पुढे जायचं होतं, मी थांबवलं. आधी रेपॲडमिनने प्रतिकृती (एका कंट्रोलरची माहिती दुसऱ्यावर जाणं) नीट होते आहे का ते पाहा, डीसीडायग ही तपासणी चालव, सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे पॉलिसी आणि लॉगिनच्या फाइलींचे दोन शेअर दिसतात का बघ. नवा कंट्रोलर ‘झालो’ म्हणतो तेव्हा सिसव्हॉल आलेलं असतंच असं नाही.

मग एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या पाच भूमिका (एफएसएमओ): स्कीमा मास्टर, डोमेन नेमिंग मास्टर, पीडीसी एम्युलेटर, आरआयडी मास्टर, इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर. पॉवरशेलच्या एका ओळीत हलल्या. नेटडॉम क्वेरी एफएसएमओने खात्री केली. पीडीसी एम्युलेटर हा डोमेनच्या वेळेचा उगम, म्हणून बाहेरचा वेळेचा सर्व्हर आता डीसी०२वर लावायचा. हे तिने मी सांगायच्या आधी केलं. सप्टेंबरचं घड्याळाचं प्रकरण तिच्या लक्षात होतं.

डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आपोआप पत्ते देणारी सेवा) डीएनएसचा पत्ता बदलला. यानंतर डीसी०१ लगेच काढायचा नाही, नुसता बंद करून दोन दिवस ठेवायचा. कोण कोण अजून त्याच्यावर टेकून आहे ते तेव्हाच कळतं.

१० नोव्हेंबर २०२५

एसक्यूएलच्या यंत्रावर डोमेनच्या खात्याने लॉगिन होत नव्हतं. त्याचा आयपी स्थिर, त्यामुळे डीएचसीपीतला बदल त्याला कळलाच नाही आणि डीएनएस अजून डीसी०१कडे बोट दाखवत होतं. रेड हॅटच्या यंत्राचंही तेच. भाचीने दोन्ही बदलले आणि अँसिबलच्या फाइलमध्येही बदलले. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा, नाहीतर पुढच्या बांधणीत जुना पत्ता परत आला असता.

डीसी०१ पुन्हा सुरू केला, प्रतिकृती झाली, मग रीतसर कंट्रोलरपदावरून उतरवला. तिने विचारलं, बंदच होता तर तसाच पुसून का नाही टाकला? कारण मग त्याच्या नोंदी डिरेक्टरीत (डोमेनच्या नोंदवहीत) मागे राहतात आणि हाताने साफ कराव्या लागतात. दुसरी बाजूही सांगितली: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पुसलेल्या वस्तूची खूण साधारणपणे १८० दिवस ठेवतात. त्याहून जास्त काळ बंद राहिलेला कंट्रोलर परत जोडायचा नाही, कारण मधल्या काळात काय काय पुसलं गेलं हे त्याला कधीच कळत नाही.

१२ डिसेंबर २०२५

‘नमुना’ची मुदत काल संपली. इव्हेंट लॉगमध्ये डब्ल्यूएलएमएस या सेवेचा निरोप: परवान्याची मुदत संपली आहे, प्रणाली दर तासाला बंद होईल. आणि तसंच झालं. सुरू केला, तासाभराने बंद. भाचीने लॉगची प्रत काढून शीटला जोडली. उद्या कुठल्या कंपनीत ‘सर्व्हर दर तासाला का पडतो’ म्हणून लोक रॅम आणि पॉवर सप्लाय बदलत बसले असतील, तर ती आधी हा लॉग बघेल.

२० डिसेंबर २०२५

आजच्या कामात दोन गोष्टी. फॉर्टिगेट या फायरवॉलची आभासी आवृत्ती: ७.२.१पासून तिला कायमची ट्रायल आहे, पण एक सीपीयू, २ जीबी रॅम, तीन इंटरफेस आणि तीन पॉलिसी (नियम) एवढ्यातच. तीन पॉलिसीत काय काय बसवता येईल यावर विचार करायला लागतो, ते चांगलंच. रोजचं फायरवॉल ओपीएनसेन्सच राहील. स्प्लंक बसवलं, ट्रायलमध्ये दिवसाला ५०० एमबी. ६० दिवसांनी मोफत परवान्यावर उतरल्यावर लॉगिन आणि इशारे दोन्ही जातात, म्हणजे पत्ता माहीत असलेला कुणीही आत. म्हणून ते वेगळ्या नेटवर्कमध्ये, फक्त भाचीच्या यंत्रावरून दिसेल असं.

डीसी०२ची मुदत ७ मे २०२६ला संपते, आणि मे महिन्यात तिची शेवटच्या सत्राची परीक्षा असेल. डीसी०३ची बांधणी मार्चमध्ये, पाडव्याच्या सुट्टीत करायची ठरली. त्या वेळी विंडोज सर्व्हर २०२५ घ्यायचा, म्हणजे मुदतीबरोबर आवृत्तीही पुढे जाईल. शीटमध्ये नोंद तिने केली आणि ‘कोण करणार’ असा नवा रकाना घालून त्यात स्वतःचं नाव लिहिलं.